पाळत, झडती आणि ‘खासगी’ : पुणे शहराच्या इतिहासातील तीन शब्द

‘खासगी’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ त्यास फार जुना नाही. मूळ अरबी ‘खास’. त्यापासून फार्सीच्या द्वारे मराठीत आलेला ‘खासगी’ हा शब्द मराठेशाहीच्या दफ्तरांत प्रामुख्याने धन्याच्या स्वतःच्या मालमत्तेसंबंधी व खर्चासंबंधी योजिलेला आढळतो. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे उत्पन्नाचे दोन निराळे भागच होते. दौलत राज्याची, खासगी घराण्याची. म्हणजे जे राज्याचे नव्हे पण राजाचे, ते खासगी. कुणब्याचे घर, सावकाराची पेटी, विधवेचे पत्र यांना खासगी म्हणावे आणि त्या कारणाने राज्याने त्यांपासून हात आवरावा, ही कल्पना या शब्दात त्या काळी नव्हती. इंग्रजी अमदानीत तो शब्द हळूहळू सामान्य माणसाच्या वाट्यास आला. परंतु शब्द मिळाला म्हणून हक्क मिळाला असे झाले नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने असा निर्णय दिला की, संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य यांच्या हमीत हा हक्क अंतर्भूत आहे. त्यास मराठीत काय म्हणावे याविषयी मात्र एकमत नाही. कोणी ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हणतात, कोणी ‘खासगीपणाचा हक्क’. पहिला शब्द प्रस्तुत लेखकास खटकतो. ‘गोपनीय’ हा शिक्का आपल्याकडे सरकारी कागदांवर मारला जातो. त्यात लपविण्याचा अर्थ मुख्य आहे. ज्याचे दार लावलेले आहे तो काही लपवीत असतो असे नव्हे. हा वाद केवळ पर्यायशब्दाचा नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

राज्याच्या बाजूचे शब्द मात्र मराठीत पूर्वीपासून विपुल आहेत. ‘हेर’ हा प्राकृतातील पाहणे या अर्थाच्या धातूशी संबद्ध. ‘पाळत’ हा ‘पाळणे’ या क्रियापदाच्या कुळातला. ज्या धातूपासून ‘पालन’ आणि ‘प्रजापालक’ त्याच धातूपासून ‘पाळत’. राखणे आणि टेहळणे या दोन क्रिया भाषेने एकाच घरात नांदविल्या आहेत. ‘झडती’ ही झाडण्यातून आलेली. जुन्या महसुली कागदांत हिशेबाचीही झडती असे, म्हणजे जमाखर्च झाडून तपासणे, आणि तीच पुढे माणसाच्या अंगाची व घराची झाली. सर्वांत बोलका शब्द ‘जासूद’. मूळ अरबी ‘जासूस’ म्हणजे हेर. पण मराठी कागदांत जासूद हा बहुधा पत्रे पोहोचविणारा सांडणीस्वार वा पायीचा निरोप्या असतो. पत्र नेणारा आणि बातमी काढणारा हे दोघे एकच असावेत यात त्या काळच्या मनुष्यास काही विपरीत वाटत नव्हते.

पुण्यात इंग्रजांनी ही विद्या आपल्याकडूनच घेतली. १८११ मध्ये एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून संगमावर येऊन राहिला आणि पुढील सहा-सात वर्षांत शनिवारवाड्यातील हालचालींची बातमी त्यास मिळत राहिली. या कामी त्यास ज्यांचे साहाय्य झाले त्यांत बाळाजीपंत नातू यांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु नुसती नजर ठेवून भागत नाही, कानही लागतात, याचा अनुभव इंग्रजांस १८१६ मध्ये आला. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या संबंधात त्रिंबकजी डेंगळे यास ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते. पहारा सारा गोऱ्या शिपायांचा. एतद्देशीय फितूर होतील या भयाने तसा नेमलेला. एक मराठी मोतद्दार घोडा फिरवताना खिडकीखाली गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतच सुटकेचा बेत सांगितलेला होता. पहारेकऱ्यांस मराठी येत नव्हते. सप्टेंबर महिन्यातील एका रात्री त्रिंबकजी निसटला. ही हकीकत पुढे बिशप हेबर याने आपल्या प्रवासवृत्तात नमूद केली आहे. तीत लोककथेची भर किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी विश्वासासाठी निवडलेला पहारा भाषेच्या अज्ञानामुळे आंधळा ठरला, एवढे तिच्यातून दिसते.

पुढे ही उणीव सरकारने भरून काढली. मुंबई सरकारच्या पदरी ओरिएंटल ट्रान्सलेटर नावाचा अधिकारी होता. त्याच्या कचेरीत देशी भाषांतील वृत्तपत्रे दर आठवड्यास वाचून त्यांतील निवडक मजकुराचा इंग्रजी गोषवारा छापून वरिष्ठांकडे जाई. हे अहवाल आज इतिहास-संशोधकांस अमोल झाले आहेत. ज्या वृत्तपत्रांचे अंक नष्ट झाले त्यांच्या मजकुराचा मागमूस पुष्कळदा तेथेच लागतो. पाळतीने इतिहासावर केलेला हा उपकार मान्य करावयास हरकत नाही. शिवाय वृत्तपत्र ही छापून विकलेली वस्तू. ती सरकारने वाचली तर तक्रार कसली? खरा प्रश्न उंबरठ्याच्या आत सुरू होतो.

तो उंबरठा पुण्यात १८९७ साली ओलांडला गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेगने माणसे मरत होती आणि ती वस्तुस्थिती होती, सबब नव्हती. रँड याच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कमिटीने मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या सोल्जरांकरवी घरोघर तपासणी करविली. आजाऱ्यास रुग्णालयात नेणे, त्याच्या सहवासातील माणसांस छावणीत ठेवणे, घर धुऊन निर्जंतुक करणे, संशयित सामान जाळणे, असा एकंदर क्रम होता. लोकभावनेस जपावे अशा सूचना कागदावर होत्या. प्रत्यक्षात काय झाले याच्या तक्रारी पुण्यातील प्रमुख गृहस्थांनी सरकारकडे केल्या: शिपाई देवघरात व स्वयंपाकघरात शिरतात, बायकांची तपासणी चारचौघांत होते, निरोगी माणसेही ओढून नेली जातात, चीजवस्तू नाहीशी होते.

या तक्रारींची भाषा पाहण्यासारखी आहे. त्यांत ‘हक्क’ कमी आणि ‘अब्रू’, ‘विटाळ’, ‘धर्म’ अधिक. जुन्या पुणेरी वाड्याची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांस याचे आश्चर्य वाटणार नाही. दिंडी, चौक, ओसरी, दिवाणखाना, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. परक्याने कोठवर यावे हे बांधणीतच ठरलेले. ओसरीवर बसणाऱ्यास माजघराची कल्पना विचारावी लागत नसे. म्हणजे ज्यास आज आपण खासगीपणा म्हणतो त्यास शब्द नव्हता. पण भिंती होत्या. तथापि या भिंतींचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या भिंती ज्यांच्यापाशी वाडा होता त्यांच्याच होत्या, त्यांचा पाया पुष्कळसा सोवळ्याओवळ्याचा होता, आणि माजघरातील बाईस घरातल्या माणसांपासून स्वतःचे असे काही राखता येई असे म्हणवत नाही. पेठेबाहेरच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाच्या घरी सोल्जर शिरला, तर तेथे ओसरीही तीच आणि देवघरही तेच. तेव्हा त्याचा अपमान कोणत्या शब्दाने सांगावा?

टिळकांची या प्रकरणातील भूमिका एकांगी नव्हती. प्लेगचे उपाय आवश्यक आहेत हे ते मान्य करीत, लोकांनी सहकार्य करावे असे लिहीत. हिंदूंसाठी निराळे प्लेग रुग्णालय काढण्यात त्यांनी स्वतः अंग मोडून काम केले. त्यांचा आक्षेप उपायाच्या रीतीवर होता. परंतु २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या आणि रीत व हेतू यांतील हा फरक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत सरकार उरले नाही. शहरावर जादा पोलीस बसले व त्यांचा खर्च नागरिकांच्या माथी आला. खुनाच्या तपासासाठी वीस हजार रुपयांचे बक्षीस लागले. जुलैअखेर टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले. त्याच सुमारास बळवंतराव व हरी रामचंद्र नातू या बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, कोणताही खटला न भरता, स्थानबद्ध करून त्यांची मालमत्ता जप्त केली. हे त्याच नातू घराण्यातले. आठ दशकांपूर्वी ज्या घराण्यातून रेसिडेंटास बातमी पोहोचत होती त्याच घराण्यातील दोघे आता बातमीच्या जोरावर आत गेले. त्यांच्यावर आरोप असा कधी शाबीत झालाच नाही; १८९९ मध्ये त्यांची सुटका झाली.

टिळकांच्या त्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी जुरीस इंग्रजी शब्दाचा जो अर्थ सांगितला तो भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा. कायद्यात सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ उत्पन्न करणे हा अपराध होता. स्ट्रेची म्हणाले, त्याचा अर्थ ‘अफेक्शन’चा, म्हणजे प्रीतीचा, अभाव. व्युत्पत्तीकडे पाहून शब्दाचा अर्थ ठरविणे ही चूक आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास माफ करतो. येथे तिचे फळ अठरा महिन्यांची सक्तमजुरी हे झाले. अभाव हा अपराध ठरला की मनुष्याच्या कृतीवर नजर ठेवून पुरत नाही. त्याच्या मनात काय नाही हे पाहावे लागते. पाळतीचे क्षेत्र अमर्याद होण्यास अशी एखादी व्याख्या पुरेशी असते.

त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते गेले असता पुण्याच्या मित्रांची पत्रे त्यांस येत होती. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा उल्लेख त्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे जाहीरपणे केला. पार्लमेंटात गवगवा झाला, मुंबई सरकारने इन्कार केला आणि पुरावा मागितला. पुरावा म्हणजे पत्रलेखकांची नावे. रँडच्या खुनानंतरच्या त्या दिवसांत पुण्यातील एखाद्या गृहस्थाचे नाव सरकारच्या हाती देणे म्हणजे काय, हे नातू बंधूंच्या उदाहरणावरून कळत होते. गोखल्यांनी नावे दिली नाहीत. आणि नावे दिली नाहीत म्हणून आरोप सिद्ध करता येईना, तेव्हा बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल त्यांच्यावर पुण्यात जी टीका झाली ती पुष्कळ वर्षे टिकली. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या प्रसंगाकडे माफीच्या बाजूने पाहण्यापेक्षा पत्रांच्या बाजूने पाहणे अधिक न्यायाचे आहे. गोखल्यांनी स्वतःची अब्रू खर्ची घालून दुसऱ्याच्या पत्राची अब्रू राखली. परंतु याची दुसरी बाजूही खरी आहे: लोकांना सैन्यावर असा गंभीर आरोप ऐकवावयाचा आणि त्याचा उगम सांगावयाचा नाही, हे कोणत्याही सरकारास, अगदी आपल्या स्वतःच्या सरकारासही, सहजी पचणारे नाही. गुप्त पत्र हे दुर्बलाचे कवच असते, तसे ते निराधार बातमीचेही असू शकते. १८९७ साली हे दोन्ही तपासून पाहील असे तिसरे, तटस्थ ठिकाण अस्तित्वात नव्हते.

१८९८ साल उजाडले ते कायदे घेऊन. फेब्रुवारीत राजद्रोहाचे कलम सुधारून विस्तृत केले; मार्चमध्ये पोस्टाचा सहावा कायदा झाला. त्याच्या २६व्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी, अथवा सार्वजनिक सुरक्षितता वा शांतता यांच्या हितासाठी, टपालातील पत्र अडविण्याचा अधिकार सरकारास दिला. तारांबाबत असाच अधिकार १८८५ च्या कायद्यात होता. अशी आणीबाणी आहे की नाही हे कोणी ठरवावे? सरकारच्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र हाच त्याचा निर्णायक पुरावा मानला जाई. जासूद पुन्हा एकदा दोन्ही कामे करू लागला.

खबर देणाऱ्यांचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. ज्या द्रविड बंधूंनी दामोदर चापेकरांची माहिती पोलिसांस पुरविली, त्यांचा ८ फेब्रुवारी १८९९ रोजी पुण्यातच खून झाला. म्हणजे सरकारची धास्ती काल्पनिक होती असे आपणास म्हणता येणार नाही. कट खरा होता, पिस्तुले खरी होती. आणि जे या कटात नव्हते त्यांचीच संख्या शहरात हजारोंनी होती, हेही खरे.

१९०८ मध्ये झडती टिळकांच्या घरात पोहोचली. २४ जून रोजी मुंबईत त्यांस पकडल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुण्यातील गायकवाड वाड्याची आणि सिंहगडावरील बंगल्याची झडती झाली. घरात एक कार्ड सापडले. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिली होती. खटला केसरीतील लेखांवर, राजद्रोहाचा. स्फोटकांशी त्याचा संबंध नाही. तरी ते कार्ड पुराव्यात दाखल झाले. टिळकांनी खुलासा केला की, स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा त्याच जूनच्या ८ तारखेस झाला असून त्याची चर्चा करण्यासाठी एका पुस्तकसूचीतून ही नावे टिपून घेतली होती. एखादा संपादक नव्या कायद्यावर लिहिण्यापूर्वी विषयाची पुस्तके शोधतो यात नवल ते काय? पण टिपण असलेली चिठ्ठी मेजाच्या खणातून उचलून न्यायालयाच्या मेजावर ठेवली की तिचा अर्थ बदलतो. वाक्याचा अर्थ संदर्भाने ठरतो हे आपण वर्गात शिकवितो. खासगी कागदाचा संदर्भ त्याच्या मालकाच्या डोक्यात असतो आणि झडती घेणाऱ्यास तो जप्त करता येत नाही.

लेखांच्या भाषांतराचाही तोच प्रकार झाला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले, आणि त्याचा बराच भाग मराठी शब्दांच्या अर्थाला वाहिलेला होता. मूळ शब्दाची छटा इंग्रजीत अधिक उग्र झाली आहे, नव्या राजकीय कल्पनांसाठी मराठी शब्द अजून घडत आहेत, आणि आपला न्याय आपल्या लेखांवर नव्हे तर त्यांच्या भाषांतरावर होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जुरीत सात युरोपियन व दोन पारशी. मराठी वाचणारा कोणी नाही. सातांविरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि २२ जुलैच्या रात्री न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते.

आतापर्यंत ज्यांची नावे आली त्या सर्वांपाशी लेखणी, वकील किंवा वाडा होता. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते त्यांच्यावरची पाळत अधिक कडक आणि अधिक काळ टिकली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि १९११ मधील त्याची नवी आवृत्ती यांनी जन्मावरून माणसास संशयित ठरविले. महाराष्ट्रातील कित्येक जमातींच्या नशिबी पोलीस पाटलाकडची ‘हजेरी’ आली; परगावी जावयाचे तर दाखला, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत. ‘हजेरी’ हा शब्द आपण शाळेत सहज उच्चारतो; पारध्यांच्या वा कैकाड्यांच्या वृद्ध माणसाच्या तोंडून तो ऐकावा म्हणजे त्याचे वजन कळते. हा कायदा देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे प्रजासत्ताक झाल्यावरही अडीच वर्षे तो चालू होता.

संविधान लिहिताना या साऱ्याचा विचार झालाच नाही असे नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये सादर केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शरीर, घर, कागदपत्र व चीजवस्तू यांची अवाजवी झडतीपासून सुरक्षितता हा हक्क स्पष्टपणे मांडला होता. मूलभूत हक्कांच्या उपसमितीतही झडती व पत्रव्यवहार यांविषयीचे कलम आले, बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी गुन्ह्याच्या तपासास अडथळा येईल म्हणून विरोध केला आणि ते गळाले. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविषयीची दुरुस्ती पुन्हा सभेपुढे आणली. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. तरी ती अखेर संमत झाली नाही. फाळणीच्या रक्तपातातून नुकत्याच निघालेल्या सभेने पोलिसांचे हात बांधण्यास कचरावे हे समजण्यासारखे आहे. क्षम्य आहे काय, याविषयी मतभेद राहील.

त्याचा परिणाम न्यायालयांत दिसला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आणि १८ डिसेंबर १९६२ रोजी खडकसिंग खटल्यात, संविधानात असा हक्क दिलेला नाही असे म्हटले गेले. तरीही दुसऱ्या खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री दार ठोठावून माणसास उठविणे तेवढे घटनाबाह्य ठरले. घराभोवतीचा गुप्त पहारा मात्र राहिला. न्या. सुब्बा राव यांनी आपल्या भिन्नमतपत्रात सारी पाळतच नामंजूर केली, आणि पंचावन्न वर्षांनी नऊ न्यायाधीश त्यांच्या बाजूस आले. दरम्यान १९८६ मध्ये पोस्टाच्या कायद्यातील अडवणुकीचा अधिकार वाढविणारे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले असता राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यावर काही बंधने घातली: गृहसचिवाचा लेखी हुकूम, ठराविक मुदत, आणि पुनर्विलोकनासाठी समिती. ही समिती मात्र सचिवांचीच. हुकूम देणारा व तो तपासणारा हे दोघेही एकाच इमारतीत बसतात. १८९८ च्या प्रमाणपत्रापासून आपण किती पुढे आलो हे या अंतरावरून मोजावे.

१८९८ चा पोस्टाचा कायदा आता गेला आहे आणि १८८५ च्या तारांच्या कायद्याची जागाही नवा कायदा घेत आहे. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे कायदे संमत झाले आणि २०२४ च्या जूनपासून अमलात येऊ लागले. पोस्टाच्या नव्या कायद्याच्या ९व्या कलमात राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता ही कारणे दिली आहेत. ‘आणीबाणी’ म्हणजे काय हे कायद्यात सांगितलेले नाही. व्याख्या न केलेला शब्द किती दूर जातो हे स्ट्रेची यांच्या जुरीपुढील भाषणात आपण पाहिलेच.

मुंबई उच्च न्यायालयाने मात्र २२ ऑक्टोबर २०१९ रोजी लाचलुचपतीच्या आरोपातील एका व्यावसायिकाचा दूरध्वनी ऐकण्याविषयीचे तीन हुकूम रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणतेही कारण या प्रकरणात दिसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि ऐकून टिपून घेतलेले संभाषण, त्याच्या सर्व प्रतींसह, नष्ट करावे असा आदेश दिला. याच उच्च न्यायालयात एकशे अकरा वर्षांपूर्वी गायकवाड वाड्यातील ते कार्ड पुरावा म्हणून दाखल झाले होते.